अठरा मिनिटं

"थांबा! मी सांगेपर्यंत पिठात पाण्याचा थेंब पडता कामा नये!" मावशी ओरडल्या. ज्यू प्रार्थनालयाच्या स्वयंपाकघरातली अकराच्या अकरा माणसं जागच्या जागी थिजली. मावशींना एवढा मोठा आवाज आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

पस्तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करणारी ही बाई सणासुदीला मागच्या बाकावर बसायची आणि जेवणं झाली की मुकाट्यानं भांडी पुसायची. पण यंदा वल्हांडण सण चार दिवसांवर आला, तरी दरवर्षी बाहेरून येणारी बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेल्या, भाकरीची खोकी बंदरातच अडकलेली. आणि या भाकरीवर आशीर्वाद म्हटल्याशिवाय सण कसला? प्रार्थनालयाच्या सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला, तेव्हा मागून आवाज आला, "सासूबाईंच्या हाताखाली मी केल्यात. मला येतात."

नियम एकच, पण कडक. पिठाला पाणी लागल्यापासून भाकरी भाजून निघेपर्यंत अठरा मिनिटं. त्यापुढे पीठ आंबलं असं धरतात, आणि आंबलेलं या सणाला चालत नाही.

"ओता!"

एकच धांदल उडाली. कुणाचं पीठ परातीला चिकटलं, कुणाची भाकरी लाटण्याला. फुगू नये म्हणून भाकरीला काट्यानं टोचे मारायचं काम दातांच्या डॉक्टरांकडे होतं. ते एकेक भोक निरखून पाडत होते.

"अहो डॉक्टर, पेशंट नाहीये तो! भराभर टोचा!"

शेवटची भाकरी भट्टीतून निघाली तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

"दोनच मिनिटं हो मावशी," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "कोण बघतंय?"

"आपण बघतोय की."

मावशींनी सगळी खेप उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांनी टेबलावर नवा कागद अंथरला, सगळ्यांना हात धुवायला लावले, लाटणी बदलली. "सेक्रेटरीसाहेब, घड्याळ शाळेतल्या बाईंकडे द्या. तुम्ही मळायला या. लाटायला मी."

आणि मावशींचा हात सुटला! लाटणं असं सरसर फिरू लागलं की भाकरी कागदासारखी पसरायची. बाई ओरडत होत्या, "बारा!... पंधरा!... मावशी, सोळा!" भट्टीवाला घामानं निथळत होता. शेवटची भाकरी बाहेर आली.

"सतरा!"

अख्खं स्वयंपाकघर नाचायला लागलं. सेक्रेटरींनी पिठाच्याच हातांनी डॉक्टरांना मिठी मारली. संध्याकाळपर्यंत अकरा खेपा निघाल्या.

सणाआधी चाखायची रीत नव्हती. चार दिवस मावशींच्या डोक्यात एकच प्रश्न. चामड्यासारख्या झाल्या असल्या तर?

सणाच्या संध्याकाळी सगळे लांब टेबलाशी बसले. सेक्रेटरींनी भाकरी उचलली. भूमीतून अन्न उपजवणाऱ्याचे आभार मानले, मग बेखमीर भाकरी खाण्याच्या आज्ञेचा आशीर्वाद म्हटला.

"आमेन!"

टेबलभर कडाकड आवाज झाला. मावशी आपला तुकडा हातात धरून एकेकाचं तोंड बघत होत्या.

"कशा झाल्यात?" अखेर त्यांनी विचारलं.

"खरं सांगू?" डॉक्टर गालाला हात लावून म्हणाले. "माझा धंदा वाढणार!"

सगळं टेबल खो खो हसलं. मावशीही हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग लाटून लाटून सुजलेलं उजवं मनगट मांडीवर ठेवून त्यांनी डाव्या हातानं तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ, डोळे मिटून, चावत राहिल्या.