उपेची होडी सूड घेते

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि जप्त केलेली आहे. तवाऊ बंदराच्या धक्क्यामागच्या आवारात मी पालथी पडून असते. अंगावर लाल रंगात नंबर टाकला आहे.

मला बेस्सेच्या वडिलांनी घडवले. जड, काळपट लाकडाची मी, पाणी कापायला मात्र हलकी. लग्नानंतर तिचा नवरा उपे तिला माझ्यातून समुद्रापलीकडून इकडे घेऊन आला. कागद दोघांकडेही नव्हते. पामच्या मळ्यात घड तोडायचे आणि तपासणीची गाडी आली की झाडीत पालथे पडायचे, अशी त्यांची सतरा वर्षे गेली. मग उपेला कायम राहण्याचे कार्ड मिळाले. बेस्सेचे यायचे होते.

त्याच वर्षी बेस्सेचा भाचा लामाप्पा यायचे म्हणाला. उपेने त्याला माझ्या तळाशी निजवून, वर जाळी टाकून आणले. घरात ठेवून घेतले. बेस्सेने आपल्या ताटातला मासा त्याच्या ताटात वाढला.

आठ महिन्यांनी मळ्यावर तपासणी झाली. लामाप्पा पकडला गेला. स्वतःला सोडवण्यासाठी त्याने झावळ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवले. ढिगामागे बेस्से होती. शेजारच्या हालिया मावशीने हे डोळ्यांनी पाहिले आणि उपेला येऊन सांगितले. लामाप्पा त्याच दिवशी गावातून पसार झाला. बेस्सेला चार महिने कोठडीत ठेवले, तापाने फणफणत असतानाच पलीकडे धाडले. उपे आणि मी पलीकडे पोहोचलो तेव्हा तिची कबरही लिंपून झाली होती.

उपे मला घेऊन परतला. पुढच्या आठवड्यात त्याने माझ्या पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडा बांधला. परक्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाचा झेंडा.

वस्तीतले लोक हसले. "उपे, तू काय आभाळातून पडलास होय रे?" असे विचारू लागले. हालिया मावशीने मात्र त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मला त्यांच्यातला एकच हवाय. पण सगळ्यांना हाकललं ना, तर तो एक सुटणार नाही."

मग आम्ही खाडीत टेहळणी करू लागलो. नवी होडी दिसली की उपे गस्तवाल्यांना कळवायचा. एकदा पकडलेल्या होडीतली लेकुरवाळी बाई त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही तर आमच्याच बोलीत बोलताय." उपेने तोंड फिरवले. खोटे कशाला सांगू, मलाही तिची दया आली नाही. लामाप्पा अजून मोकळा होता.

सहा वर्षांनी धक्क्यावरच पक्षाची सभा भरली. मी तिथेच बांधलेली होते. मंचावर कडक इस्त्रीच्या शर्टात लामाप्पा उभा होता. आता तो कार्ड मिळवून पक्षाचा मोठा कार्यकर्ता झाला होता. घुसखोरांनी आपल्या तोंडचा घास पळवला, असे तो तावातावाने सांगत होता. गर्दीत त्याला उपे दिसला. घाबरण्याऐवजी त्याने उपेला वर बोलावले, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हे माझे आतोबा. आम्ही कायद्यानं आलेली माणसं."

उपेने माईक हातात घेतला.

"हा कायद्यानं नाही आला. मी आणलाय, चोरून, जाळ्याखाली झाकून. ती बघा माझी होडी, तिथं बांधलीय. लिहून घ्या."

लामाप्पा हळूच म्हणाला, "आतोबा, तुम्हीही आत जाल."

"माहीत आहे."

पोलिसांनी दोघांना एकाच गाडीतून नेले आणि मला जप्त केले. कार्डे रद्द झाली. दोघेही पलीकडे धाडले गेले. गाडी निघाली त्या क्षणी मला इतका आनंद झाला की दोर तुटेल असे वाटले. तो आनंद अजून ओसरलेला नाही.

पण त्यानंतर सगळ्या वस्तीचे कागद नव्याने तपासले गेले. अकरा घरांना कुलपे लागली. त्यातले एक हालिया मावशीचे. पलीकडे धाडली जाताना ती या आवारावरून गेली. थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे गेली.

मित्रांनो, लाकडी होडी कोरड्यात ठेवली की तिच्या फटी उघडतात. इकडून जाताना माझ्यावर बादलीभर पाणी ओतत जा. लामाप्पाला घालवल्याचे मला काही वाटत नाही. पण मावशीला परत आणायला एक फेरी करावी लागेल, आणि तेवढी मला करायची आहे.