रुकय्याबीचे दोन धागे

मित्रांनो, मी एक जुनी रेहाल आहे. कुराण वाचताना ते जमिनीवर टेकू नये म्हणून ज्या लाकडी घडीवर उघडून ठेवतात, ती मी. आता माझ्या कडा झिजल्या आहेत, अंग थकले आहे. उघडताना मी कण्हते, मिटताना अडखळते.

अंजूरच्या तुळशीराम सुताराने मला सागाच्या एकाच फळीतून कोरले. खिळा नाही, सरस नाही. दोन पाखे एकमेकांत असे गुंतवले की उघडावे आणि मिटावे, पण सुटू नये. तो म्हणाला होता, "पोथी कुनाची बी असो, तिचा भार पेलल असं लाकूड हाय." मग मी भिवंडीला आले, रुकय्याबीच्या घरी.

भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालत. दिवसाची शिफ्ट, रात्रीची शिफ्ट. त्या खडखडाटात माझ्या कानाला विसावा म्हणून मिळाला नाही. रुकय्याबी चरख्यावर लूमवाल्यांच्या कांड्यांवर सूत भरायची. विधवा बाई, बोटे सुतासारखी बारीक. पहाटे ती माझ्यासमोर बसे आणि ओळीखाली बोट फिरवत वाचत राही. अरबी अक्षरे तिला येत, अर्थ येत नसे. एकाच जागेचा अर्थ तिला लहानपणी बापाने सांगितला होता: रोज्याच्या दिवसांत पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, प्या.

धाग्यांच्या गावातली बाई ती. तिने कांडीवरचा एक पांढरा धागा घेतला, एक काळा घेतला. दर रमजानला सहेरीच्या, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याच्या वेळी ती ते तळहातावर ठेवून दारात बसे. दोन्ही वेगळे दिसले की घास थांबवी, पेला पालथा घाली. किती रमजान असे गेले! मी पाहत होते, पण लाकडाला काय कळणार? वाचतात ती माणसे, मी नुसती पेलते.

मग नव्वद सालाच्या आसपास तिचा भाचा मुनीर सौदीहून परत आला. चार पुस्तके वाचून आला होता, आवाजही चढा झाला होता. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या इमामसाहेबांशी तो आल्याआल्याच भांडला. किताबात अल्लाहचा हात म्हटले आहे, त्याचा अर्थ त्याची कुदरत, त्याची शक्ती, असे इमाम म्हणत. मुनीर म्हणे, "हात म्हणजे हात. कसा ते विचारू नका. अक्षर आहे तेवढंच घ्या, मनचं काही घालू नका."

त्या रमजानात एका पहाटे तो फजरची, म्हणजे पहाटेची नमाज पढून आला. पाहतो तर फुफी, त्याची आत्या रुकय्याबी, दारात बसून भाकरी खाते आहे.

"फुफी! मी नमाज पढून आलो आणि तू अजून खातेस?"

"वरडू नको. धागे अजून सुटले न्हाय." तिने तळहात पुढे केला. मुनीरला दोन्ही धागे लख्ख वेगळे दिसत होते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"अगो, हे काय केलंस! तो धागा म्हणजे सूत नाय. आभाळात उजेडाची रेघ फुटते ती पांढरी, आणि रात्र ती काळी. हातातला धागा दिसेपर्यंत फजर होऊन जाते, आणि फजर झाली की खाणं बंद!"

"हात म्हंजे हात, मंग धागा म्हंजे धागा कसा न्हाय रे?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

अडलेला माणूस फार कडू बोलतो. "मला काय विचारतेस? तुझे इतक्या वर्षांचे रोजे फुकट गेले, ते बघ आधी!"

रुकय्याबीने हातातला घास खाली ठेवला.

ईद झाली. तिने एकेक करून सगळे जुने रोजे पुन्हा धरायला घेतले. अंगात साखरेचा आजार, डॉक्टरने उपाशी राहू नको म्हणून बजावलेले. तरी ती ऐकेना. शेवटी एका दुपारी ती चरख्यावरच कलंडली. शुद्धीवर आली, पण पाणी घेईना. "रोजा हाय," एवढेच म्हणे. मुनीर घाबरला. धावत गेला, आणि ज्यांच्याशी भांडला होता त्याच इमामसाहेबांना घेऊन आला.

इमाम तिच्याजवळ बसले. "रुकय्याबी, हीच गफलत पैगंबरसाहेबांच्या एका साथीदाराकडून झाली होती. तो दोन दोऱ्या उशीखाली ठेवायचा. त्याला उजेडाची गोष्ट समजावून सांगितली. पुन्हा रोजे धर, असं सांगितल्याचं मी तरी कुठं वाचलं नाय."

"पण काही किताबांत कजा, म्हणजे चुकलेला रोजा पुन्हा धरणं, लिहिली आहे," मुनीर हळूच म्हणाला.

"लिहिली आहे. मी पण वाचली आहे. दोन मतं आहेत. त्यातलं जे बाईला मारेल, नेमकं तेच घेऊन बसलास होय रे?"

"म्हंजे माझे रोजे कुबूल झाले?" रुकय्याबीने विचारले.

"ते ठरवणारा मी नाय. आणि हा मुनीर तर नायच नाय!"

ती क्षीण हसली. पण पाणी घेतले नाही. मुनीरकडे बघून म्हणाली, "गेले म्हनून तू सांगितलंस. आता तूच सांग."

मुनीरच्या हातात पाण्याचा पेला होता. त्याच्या कुठल्याच पुस्तकात हे वाक्य नव्हते. मग फुफीच्या डोक्याखाली हात घालून म्हणाला, "पोचले असतील, फुफी. तुझे नाय पोचले तर कुणाचे पोचणार? पी."

आणि ती प्याली.

त्यानंतर तो रोज माझ्यासमोर तिच्याशेजारी बसे. ती वाची, तो अर्थ सांगे. कुठे अडला तर, "इमामसाहेबांना विचारून सांगतो," म्हणे. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मला भार वाटला नाही. आता रुकय्याबी नाही. मी माळ्यावर पडून आहे, अंगावर सुताचा भुरा साचला आहे.

मित्रांनो, मला पुसलेत तर बरे वाटेल, नाही पुसलेत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस अर्थ न कळता वाचत असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याचे चुकले असेल तर सांगा, जरूर सांगा. फक्त सांगण्याआधी, ते माणूस किती थकले आहे, तेवढे बघा.