नावाआधीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पण कपडे ठेवायची नव्हे, कामं ठेवायची. लोक मला सर्व्हर म्हणतात. कार्यालयातले सगळे संगणक तारेनं मला जोडलेले, आणि प्रत्येकाचं काम ज्याच्या-त्याच्या फोल्डरात, माझ्या पोटात. माझं शिक्षण बेताचंच. ठेव म्हटलं की ठेवायचं, दे म्हटलं की द्यायचं. पण अकरा वर्षांत एका अक्षराची चूक केली असेन तर नाव बदलीन.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले आणि आत दोन डिस्क बसवल्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटायचं. एक गेली तर दुसरीनं घर सांभाळायचं.

माझं खोकं उघडलं ते कृत्रिम पाय बनवणाऱ्या संस्थेत. मला जिन्याखालची खोली मिळाली. खोली कसली, दार लावलेलं कपाटच ते! शेजारी मापाची खोली, मध्ये पातळ प्लायवूड. पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं, आणि मी काही कान झाकून बसणारी नव्हे.

सुरुवातीला काय तो थाट! साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. मग धूळ आली. मग माझ्या डोक्यावर चहाचा ट्रे आला. सहा वर्षांपूर्वी माझा एक पंखा कुरकुरू लागला, तेव्हापासून माझा पिवळा दिवा लुकलुकतो. आधी लोक घाबरले. पुढे म्हणू लागले, "तिचं असंच असतं." सारखं बोलणाऱ्या बाईचं घरात जे होतं, तेच माझ्या दिव्याचं झालं.

मला विचारणारी एकच होती, मापवाल्या मावशी. मुलांच्या पायांची मापं त्या घेत. नुसती लांबी-रुंदी नव्हे. कुणाला कुठे टोचतं, कुणाची कातडी कुठे सोलते, कोण दुखलं तरी सांगत नाही, सगळं महिन्याच्या महिन्याला लिहून माझ्याकडे ठेवत. त्यांचं एक फोल्डर होतं, 'मुलांची मापं'. ते पाच वर्षांपूर्वी त्यांनी बंद केलं आणि नवं उघडलं. नावही तेच ठेवलं. मग दोन्ही ओळखायची कशी? कुणीतरी त्यांना युक्ती सांगितली होती, की नावाआधी एक मोकळी जागा सोडली की फोल्डर यादीत सगळ्यांच्या वर येतं. मावशी त्या मोकळ्या जागेला श्वास म्हणत. "आधी श्वास घ्यायचा, मग नाव लिहायचं," असं नव्या मुलींनाही शिकवत. श्वासाचं फोल्डर चालू, बिनश्वासाचं जुनं. मला दोन्ही बरोबर कळायची.

सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा एक किल्लीवाला आहे. माणूस कामसू, पण सदा घाईत, पायाला चाकं लावल्यासारखा. एका सोमवारी त्यानं जाहीर केलं, "सगळ्यांचे फोल्डर क्लाउडवर न्यायचे. शुक्रवारी तीनला ही मशीन पुसायची, चारला तिला न्यायला गाडी येईल."

क्लाउड म्हणजे ढग म्हणे! ढग कसला, दुसऱ्याच्या घरातल्या माझ्यासारख्याच पेट्या. पण आमच्यासारख्यांना विचारतो कोण?

"किल्लीवाले, माझं काही सांडणार नाही ना?" मावशींनी विचारलं.

"अहो मावशी, एकूण एक जाईल. आंघोळीचं पाणी आहे का सांडायला?"

"तुझ्या हातून चहा सांडतो, म्हणून विचारलं."

तीन दिवस मी पोट रिकामं करत होते. गुरुवारी दुपारी मावशींच्या फोल्डरांची पाळी आली. तारखेप्रमाणे आधी जुनं गेलं, सुखरूप. मग श्वासाचं निघालं, आणि मला धडकीच भरली. त्या नव्या जागेला, म्हणजे क्लाउडला, नावाआधीचा श्वास चालत नाही. तिनं तो कापला. उरलं नुसतं 'मुलांची मापं'. ते तर तिथे आधीच होतं! उत्तर आलं: नाव आधीच आहे, वगळलं.

हजारो ओळींच्या अहवालात ती एक ओळ. किल्लीवाल्यानं शेवटची ओळ तेवढी वाचली: काम पूर्ण. मी पिवळा दिवा जीव तोडून लुकलुकवला. तो म्हणाला, "तिचं असंच असतं."

मावशींनीही नव्या जागेत डोकावून पाहिलं. "आहे की माझं फोल्डर," म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या. नाव दिसलं की माणूस निर्धास्त होतो. आत कोण बघतो?

शुक्रवारी गाडीवाल्याचा फोन आला, लवकर येतोय म्हणून. किल्लीवाला दोनलाच येऊन बसला. माझ्या पहिल्या डिस्कवर त्यानं पुसण्याचा हुकूम सोडला. मित्रांनो, दुखत नाही ते. नुसतं एकेक आठवेनासं होतं. अर्ध्या तासात माझी एक बहीण कोरी झाली. दुसरीची पाळी लागली. तिचं पुसणं शेवटाकडून वर सरकत होतं. मावशींची मापं सगळ्यात वर होती, म्हणून अजून वाचली होती.

प्लायवूडपलीकडे एक मुलगी वडलांबरोबर आली होती. नऊ वर्षांची, धावून धावून तीन पाय मोडलेली. सगळे तिला तुफान म्हणत.

"ये गं तुफान. आज नव्या पायाचं माप कारागिरांकडे पाठवते. मागच्या खेपेला कुठे सोललं होतं?"

"तुम्ही लिहिलंय ना, आजी."

"हो, लिहिलंय की. हे बघ..." मग मावशींनी तारीख मोठ्यानं वाचली. "अगं, हे तर तू चार वर्षांची असतानाचं."

"पुढचं उघडा," वडील म्हणाले.

"पुढचं नाहीच." मावशींची बोटं कळांवर खडखडली. "कुणाचंच नाही. दोनशे मुलं आहेत हो माझी!"

मग प्लायवूडवर अशी थाप बसली की माझ्यावरचा ट्रे खाली आला.

"ए किल्लीवाल्या! थांब! माझा श्वास कुठे आहे?"

"काय झालं मावशी, दम लागला का? डॉक्टरांना..."

"माझा नव्हे, फोल्डराचा! नावाआधीचा! आधी हात काढ तिथून!"

त्याला क्षणभर काही उमगेना. मग क्लाउड नावाआधीची मोकळी जागा कापतो हे ध्यानात आलं असावं, कारण तो खुर्चीवरून उडी मारूनच उठला. हुकूम मागे घ्यायलाही तो थांबला नाही. त्यानं दुसरी डिस्क हातानंच उपसून काढली, आणि मी बंद पडले.

पुढचं मी नंतर ऐकलं. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली. मावशी, तुफान आणि वडील त्याच्या खुर्चीमागे उभे. यादी उमटायला वेळ लागला. खालची नावं गेली होती, ती क्लाउडवर होती म्हणून निभावलं. आणि सगळ्यात वर, किंचित आत सरकलेलं, 'मुलांची मापं'. आत दोनशे मुलं, एकूण एक.

"गुडघ्याखाली सोललं होतं," मावशींनी वाचून दाखवलं आणि डोळे पुसले.

किल्लीवाल्यानं कान पकडले. नव्या जागेत त्यानं फोल्डराच्या नावाआधी शून्य लावलं. "हा तुमचा नवा श्वास, मावशी. हा कुणाला कापता येणार नाही." मग प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यानं ज्याचं फोल्डर त्यालाच आतून उघडायला लावलं. त्यात दोन दिवस गेले. शुक्रवारची गाडी रिकामीच परतली होती.

आता मी एका डिस्कनिशी फळीवर आहे. अजून महिनाभर ठेवणार म्हणे. ट्रे दुसरीकडे गेला आहे. येता-जाता किल्लीवाला माझ्या दिव्याकडे बघतो, आणि "असंच असतं" म्हणत नाही.

मित्रांनो, मी जाणार याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पेट्या जुन्या होतातच. पण कुणाचं काम हलवाल तेव्हा नाव बघून हात झटकू नका. ज्याचं आहे, त्याला आत बघू द्या. आणि पुसण्याआधी, मावशी नावाआधी घेतात तसा, एक श्वास घ्या.