दम खाणारी मोटार

छत्तीस सालच्या फाल्गुनातली गोष्ट. भद्रकालीतून आग्रा रोडला लागताना उजव्या हाताला हारुन मिस्त्रीचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड आणि मागं दोन खोल्यांचं घर. एका मंगळवारी सकाळी सावळीराम कंत्राटदार आपली नवी मोटार घेऊन तिथं आला. नवी म्हणजे त्याला नवी. देवळालीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी मायदेशी परत गेला, त्याच्याकडून त्यानं ती घेतली होती. दोनच माणसांची, उघडी, लांब नाकाची, हिरव्या रंगाची. अशी पळणारी गाडी तेव्हा सबंध नाशकात दुसरी नव्हती.

"मिस्त्री, गाडी म्हंजे वारा हाय वारा," सावळीराम उतरता उतरता म्हणाला. "पर ऐन वक्ताला दम खाती. पाय दाबला की एक पळ कायच नाय. मग एकदम उसळती. परवा निफाडच्या रस्त्याला बैलगाडीच्या बाजूनं काढत होतो, समोरनं लॉरी. पाय दाबला तर ही गप! लॉरीवाल्यानं चाक मातीत घातलं म्हून वाचलो."

"रोज होतं असं?"

"तेच तर नाय ना! धा वेळा दाबा, नऊ वेळा शानी. धाव्या वेळंला रुसती."

हारुननं इंजिन सुरू केलं, उभ्या गाडीत दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. कुठंही अडखळ नाही. वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवला की पोटदुखी पळते, तसं झालं. त्यानं सावळीरामला सांगितलं, "ठेवून जा, शेठ. रस्त्यावर काढल्याशिवाय ही बोलायची नाही."

"लौकर बगा. कळवणच्या पुलाचं काम सुरू हाय, मला सारकं जावं लागतं," असं म्हणून सावळीराम पायी निघून गेला.

हारुन चाळिशी ओलांडलेला, मितभाषी माणूस. मूलबाळ नव्हतं. बायको आबिदा होती, तीही गेलं वर्षभर घरी नव्हती. छातीच्या दुखण्यानं तिला देवळालीच्या रस्त्यावरच्या आरोग्यधामात ठेवलं होतं. तिथली कोरडी हवा चांगली, पण नियम कडक. भेट फक्त रविवारी, तीही रुग्णानं व्हरांड्याच्या पायरीवर आणि पाहुण्यानं खालच्या बाकावर बसून, चार हात अंतर राखून. हारुन दर रविवारी सायकलवर जायचा. बाकीचे सहा दिवस मागच्या खोलीतली चूल कधी पेटायची, कधी नाही.

पंधरा वर्षं आबिदानं त्या चुलीपुढं बसून इंजिनं ऐकली होती. भाकरी थापता थापता भिंतीपलीकडून ओरडायची, "अहो, तिसरा प्लग मारत नाही!" आणि खरंच तिसराच निघायचा. गिऱ्हाइकं हसायची. हारुन हसायचा नाही, तिसरा प्लग काढायचा.

बुधवारी संध्याकाळी त्यानं मोटार बाहेर काढली. गावातून टांगे, हातगाड्या, शेळ्या. वेग घ्यायला जागा नाही. नाशिक रोडचं स्टेशन मागं पडलं तेव्हा रस्ता मोकळा झाला. तिसऱ्या गिअरात त्यानं पाय तळापर्यंत नेला. मोटार सपासप निघाली, हारुनच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी आलं. मैलभर गेल्यावर एकदम इंजिनाचा आवाज खाली बसला. त्यानं सवयीनं पाय उचलला, पुन्हा दाबला, आणि मोटारीनं उसळी घेतली. थांबून बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी होतं.

वर पाहिलं तर समोरच आरोग्यधामाचं कुंपण. व्हरांड्यात लोखंडी खाटा ओळीनं मांडलेल्या. तिसऱ्या खाटेवर करडी शाल पांघरून कोणी बसलं होतं. त्या व्यक्तीनं हात वर केला. बुधवार होता. बुधवारी आबिदा दिसणं म्हणजे रमजानच्या मध्यावरच ईदेचा चंद्र दिसल्यासारखं. हारुननं बॉनेटवर टेकवलेला तेलकट हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

मग हे रोजचंच झालं. दोष शोधायची त्याची रीत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच रस्त्यावर जाऊन पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. गुरुवारी ठिणगी पाडणारे पॉइंट घासून लावले. शुक्रवारी कार्बोरेटर उघडून धुतला. शनिवारी प्लगकडं जाणारी एक जुनाट वायर बदलली. रीत खरी होती. पण सकाळी केलेलं काम पाहायला तो संध्याकाळपर्यंत थांबत होता, कारण रुग्णांना व्हरांड्यात संध्याकाळीच बसवत. ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

रोज मोटार स्टेशनापुढं एकदा तरी दम खायची. रोज कुंपणाशी उभी राहायची. रोज करड्या शालीतून हात वर व्हायचा.

रविवारी तो बाकावर बसला. आबिदाचा चेहरा उतरला होता, गालफडं वर आली होती, पण डोळे तेच.

"ती हिरवी मोटार कोणाची?" तिनं बसल्या बसल्या विचारलं.

"सावळीराम कंत्राटदाराची. दम खाते. पॉइंट, कार्बोरेटर, वायर, सगळं पाहिलं. सापडत नाही."

"वायर कशाला पाहिली?"

"का?"

"विजेचा दोष असता तर आवाज काडीसारखा मोडला असता. कट्‌कन. तुमची मोटार तशी मोडत नाही. ती हळूहळू बसते. मी इथून रोज ऐकते ना." तिनं शाल सारखी केली. "आजारी नाही ती. तहानलेली आहे. तिला प्यायला मिळत नाही."

हारुन तिच्याकडं पाहत राहिला. एवढं साधं त्याला चार दिवसांत सुचलं नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं?

"आणि एक," ती म्हणाली, "तुम्ही लगेच पाय उचलता. उचलला की ती पुन्हा बरी होते. मग तुम्हाला कळणार कसं?"

भेट संपल्याची घंटा झाली. परिचारिका दारात येऊन उभी राहिली. आबिदा उठताना खोकली, आणि हारुननं आपल्या चपलांकडं पाहिलं. तिला खोकताना कोणी पाहिलेलं आवडायचं नाही.

सोमवारी त्यानं तिचं ऐकलं. स्टेशनापुढच्या मोकळ्या रस्त्यावर पाय तळाला नेला आणि आवाज बसायला लागला तेव्हा उचलला नाही. पाय शिवशिवत होता, पण त्यानं दाबून धरला. इंजिन खोल खोल जात गप्प झालं. त्यानं धावत उतरून कार्बोरेटरची वाटी उघडली. आत पेट्रोलचा थेंब नव्हता. म्हणजे टाकीत पेट्रोल होतं आणि पुढं येत नव्हतं.

मोटार परत आणून त्यानं टाकी रिकामी केली, तोंडातून तारेचा आकडा घातला आणि तासभर खरवडत बसला. शेवटी आकड्याला मऊसं काही लागलं. अंगठ्याएवढा कातड्याचा तुकडा होता. पूर्वी कोणीतरी डब्यातून पेट्रोल ओतताना मऊ कातड्यातून गाळलं असेल, तेव्हा फाटून आत पडलेला. मोटार सावकाश चालली की तो टाकीच्या तळाशी निवांत पडायचा. पाय जोरात दाबला की पेट्रोलच्या ओढीनं नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायचा. पाय उचलला की ओढ संपायची आणि तो सुटून पडायचा. थांबून पाहणाऱ्याला काही सापडणार कुठून!

हारुननं तुकडा उन्हात वाळत टाकला. टाकी धुतली, पेट्रोल भरलं. काम संपलं होतं.

तेवढ्यात सावळीराम आला. "मिस्त्री, कायतरी समजलं का?"

हारुनच्या तोंडून शब्द निघाले ते त्याचे त्यालाच परके वाटले. "अजून पाहतोय, शेठ. दोन दिवस लागतील."

"बगा बाबा. आज बी उतारूंच्या दाटीत सर्विस मोटारीनं जातो कळवणला," सावळीराम म्हणाला आणि गेला. संशयाचा लवलेश नाही. हारुनला वाटलं, याच्यापेक्षा तो भांडला असता तर बरं.

मंगळवारी संध्याकाळी मोटार स्टेशनापुढं अशी धावली, जशी ती कधी आजारीच नव्हती. कुंपणाशी थांबला, हात वर केला. व्हरांड्यातून हात वर झाला, पण लगेच खाली आला. बुधवारी तो पुन्हा गेला. पाय दाबला, इंजिन मोकळ्या गळ्यानं गात कुंपणापर्यंत आलं. तो उतरला. आबिदा खाटेवरून उठली. तिनं शालीची घडी घातली, ती हातावर टाकली, आणि ती आत गेली. दार मागं लागलं.

हारुन कुंपणाशी उभा राहिला. व्हरांड्यात आबिदाच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारी त्याच्याकडं पाहत होती. सूर्य मावळला, दिवे लागले, तरी दार उघडलं नाही. परत येताना त्यानं मोटार टांग्याच्या चालीनं आणली.

गुरुवारी सकाळी तो सावळीरामच्या दारी गेला. कातड्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. कुठं होता, कधी सापडला, आणि सापडल्यावर दोन दिवस मोटार कशासाठी फिरवली.

सावळीराम ऐकत होता तोवर त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "मी तिकडं सर्विस मोटार चुकली म्हून रातभर कळवणला धरमशाळेत ढेकणं मारीत पडलो, आन तुमी माजी गाडी घिऊन बायकोला तोंड दावाया जात होता?"

"होय, शेठ."

"मागितली असती तर नाय म्हनलो असतो का?"

हारुननं किल्ली पुढं केली. त्याला मागायचं सुचलंच नव्हतं. मिस्त्रीला गिऱ्हाइकाकडं मोटार मागता येते हेच त्याला माहीत नव्हतं. सावळीरामनं किल्ली घेतली, गॅरेजात जाऊन मोटार काढली आणि धुरळा उडवत निघून गेला. नंतर किती महिने तो त्या बाजूला फिरकला नाही.

आबिदा घरी आली ती पुढच्या वर्षीच्या थंडीत, टांग्यातून, दोन उशांना टेकून. पण ते पुढचं. त्या रविवारी हारुन सायकलवर गेला आणि बाकावर बसला, तेव्हा त्याला मान वर करता येत नव्हती.

"सांगितलंत त्याला?" आबिदानं विचारलं.

"सांगितलं."

"रागावला?"

"फार."

"बरं झालं." अंगणात एक परिचारिका कपडे वाळत घालत होती. "मी आत गेले ते रागानं नाही. इंजिन ऐकलं आणि कळलं की मोटार बरी झाली. बसून राहिले असते तर तुम्ही रोज आला असता."

"तुला नको होतं?"

"मला?" आबिदानं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुपारपासून मी खिडकीतून उन्हाची रेघ बघत बसायची. रेघ तिसऱ्या पायरीवर आली की स्टेशनाकडून आवाज यायचा. त्या दिवशी दारामागं उभी होते. तुम्ही गेलात तोपर्यंत. मोटार किती हळू नेलीत ते पण ऐकलं."

हारुननं बाकाच्या कडेवर बोट फिरवलं. चार हात अंतर. सायकलवरून सात मैल आलं की चार हात उरतात, आणि ते काही केल्या ओलांडता येत नाहीत.

"शुक्रवारी गेली ती मोटार इथून," ती म्हणाली. "कंत्राटदार चालवत होता."

"कशावरून?"

"गिअर खरडत होता. तुम्ही कधी खरडत नाही. मी तरी उठून बसले. आवाज तोच होता ना. जवळ आल्यावर कळलं की तुम्ही नाही."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी मुद्दाम भिंतीकडं तोंड करून पडली. घंटेला अजून थोडा वेळ होता. आबिदा पायरीच्या कडेशी, नियमात बसेल इतकी, पुढं सरकून बसली.

"घरातलं सांगा," ती म्हणाली. "काल काय रांधलंत?"

"पिठलं. करपलं."

"कसं करपलं? सगळं सांगा. पहिल्यापासून."

आणि हारुननं चूल पेटवण्यापासून सांगायला सुरुवात केली.