झावेलचा एकमेव स्रोत

चार महिन्यांत मी आमच्या महदिया गावातल्या एकसष्ट दुकानदारांना झावेल, म्हणजे फरशीसाठीचं ते डोळ्यांत पाणी आणणारं ब्लीच, सोडायला सांगितलं. साठांनी चहा पाजून वाटेला लावलं. एकसष्टाव्याने चहाही पाजला नाही. आमच्या पर्यावरण संस्थेचे साहेब, सी लझर, म्हणाले, "नौफल, एक तरी धंदा आठवडाभर झावेलशिवाय चालवून दाखव. शनिवारी येतो बघायला. नाही जमलं तर तुझी नोकरी संपली."

नोकरी संपली की मामाच्या दुकानात गाद्या भरायच्या. मला कापसाने शिंका येतात. मामाला बघूनही येतात.

शेवटी बंदरावर खानावळ चालवणारी मन्नूबिया, सगळ्यांची खालती म्हणजे मावशी, तयार झाली. झावेलने तिला खोकला जडला होता, म्हणून. माझ्या भाषणाचा त्यात काही हात नव्हता. मी तिच्या खानावळीत व्हिनेगर, खायचा सोडा आणि ऑलिव्हचा साबण आणून ठेवला. सोमवारी फरशी इतकी लखलखली की तिच्यात मला माझा चेहरा दिसला. त्यात फरशीचा दोष नव्हता.

दुपारी जाळी विणणारा हमादी आला आणि दारातच नाक वर करून थांबला.

"खालती, आज पुसलं नाहीस?"

"आंधळा आहेस का? ओली आहे अजून!"

"ओली तर होडीही असते. वास कुठाय?"

आमच्या गावात वास नसेल तर स्वच्छता ही अफवा असते. हमादीने चमचा रुमालाने पुसला. मंगळवारी तो घरून चमचा घेऊन आला. बुधवारी समोरच्याकडे जेवला, आम्हाला नीट दिसावं म्हणून खिडकीत बसून. बाकीचेही त्याच्या मागोमाग गेले.

"पोरा, खोकला थांबला, पण गिऱ्हाईकही थांबलं," खालती म्हणाली. "उद्या झावेलची बाटली काढते."

"एक दिवस दे, खालती."

गुरुवारी मी घरूनच शर्टाच्या कॉलरला झावेल चोपडलं आणि दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसलो. हमादी आला, खोल श्वास घेतला, म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह! आली बाई शुद्धीवर." शुक्रवारी मी बाह्याही भिजवल्या. खानावळ भरली. खिशावर छापलेलं संस्थेचं हिरवं पान पांढरं पडलं.

शनिवारी सी लझर ऐन जेवणाच्या वेळी आले आणि दारातच गरजले, "झावेल!" त्यांनी कपाटं उघडली, बादली हुंगली, बेसिनखाली वाकून बघितलं. शेवटी वासाचा माग काढत माझ्या कॉलरपाशी पोचले.

"माझी फरशी साफ आहे," खालती म्हणाली. "घाण वास तुमच्या माणसाच्या अंगाला येतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हमादीचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तीन दिवस फरशीला झावेल नव्हतंच?"

"नव्हतं. आणि तीनही दिवस तू माझे अंड्याचे तळलेले ब्रिक मागून मागून खाल्लेस."

हमादीने वाकून फरशीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बराच वेळ बघितलं. मला कापसाचा ढीग दिसायला लागला.

"मग ह्याला बाहेर काढ की," तो म्हणाला. "तीन दिवस जेवताना डोळे चुरचुरतायत माझे."

सी लझरांनी अहवालात लिहिलं : 'खानावळ उत्तीर्ण. झावेलचा एकमेव स्रोत ग्राहकांनी स्वतःहून बाहेर काढला.' त्याखाली प्रतिनिधी म्हणून माझी सही लागणार होती. मी ती पायरीवर उभा राहून खिडकीतून केली.