तालीम

…आणि बोटांना लागलं ते नाणं नव्हतं, साखर चढवलेला बदाम होता. कोटाच्या खिशात टिश्यूला चिकटून बसलेला, एका बाजूची साखर झडून खालचं तपकिरी साल दिसणारा. बसस्टॉपवरच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात शुभानं तो तळहातावर घेतला आणि उगाच त्याच्यावर फुंकर मारली, लहानपणी खाली पडलेल्या साखरफुटाण्यावर मारायची तशी. हबीबगुल चाचांनी दिला होता. त्या दिवशी इंटरव्ह्यूला आत जायच्या आधी, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले असताना, त्यांनी जाकिटाच्या खिशातून मूठ काढून तिच्यापुढे धरली — खाओ बेटी, मुँह मीठा होगा तो बात भी मीठा निकलेगा. तिनं एक खाल्ला, एक ठेवला, आणि मग विसरली.

काय बात निघाली होती ते आज सकाळी कळलं.

सकाळी हॅनाचा फोन आला. हॅना म्हणजे युनिव्हर्सिटीतली लॉची विद्यार्थिनी, मोफत सल्ला केंद्रातर्फे चाचांची केस बघणारी. चाचांना अमेरिकेत आश्रय हवा होता, आणि त्या इंटरव्ह्यूला दुभाषा आपला आपण न्यायचा असतो. सगळ्या ॲन आर्बरमध्ये पश्तो येणारं कुणी मिळेना. पण चाचांची कित्येक वर्षं पेशावरच्या निर्वासित छावणीत गेलेली, उर्दू यायचं त्यांना. आणि शुभाला हिंदी यायचं. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, आपण नोकरी करायची नाही, सिद्धेश ऑफिसला गेला की दिवसभर आपण आणि खिडकीतला बर्फ… हिंदी-उर्दू एकच की, असं तीच तर म्हणाली होती. मेली हौस.

हॅना म्हणाली, चाचांना काल इमिग्रेशनवाल्यांनी पुतण्याच्या घरून उचलून नेलं. काउंटीच्या जेलमध्ये ठेवलंय, परत पाठवायचं चाललंय. कॅम्पमध्ये मुलांना ट्रेनिंग देत होतो असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणे, आणि आता म्हणतात मी असं बोललोच नाही. इंटरव्ह्यूच्या दिवशी हॅना बर्फात हायवेवर अडकली होती, आत ते तिघंच होते — चाचा, तो अधिकारी आणि शुभा. तेव्हा विचारणार तरी कुणाला?

"शुभा, त्यांनी खरंच तो शब्द वापरला होता?"

"हो. ते म्हणाले तेच मी सांगितलं. शपथ घेतली होती मी, हॅना."

किती ठामपणे म्हणाले मी. वर थोडा रागच आला होता मला, माझ्यावर संशय घेते म्हणून.

बस आली. काचा धुरकटलेल्या, पायाखाली वितळलेल्या बर्फाचा चिखल. शुभा बसते न बसते तोच पर्समध्ये फोन वाजला — मालिनीकाकू. महाराष्ट्र मंडळाचं नाटक त्या बसवत होत्या, आणि शुभाला त्यात मोलकरणीचं काम होतं, एकूण बोलायचं ते बेताचंच. काकूंचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत. अगं आहेस कुठे तू, चर्चच्या बेसमेंटमध्ये हीटर बंद आहे, स्वेटर घालून ये, आणि उशीर करू नकोस, तालीम सुरू केली आम्ही.

तालीम.

आले, आले, असं म्हणून तिनं फोन ठेवला, पण तो शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. तालीम म्हणजे नाटकाची. त्याहीपेक्षा तालीम म्हणजे कोल्हापुरात घरामागची — लाल मातीची, पहाटे दादा जोर काढायला जायचे ती. त्यांच्या बनियनला येणारा तेलाचा नि मातीचा वास, भिंतीपलीकडून ऐकू येणारे शड्डू. तालीम म्हणजे अंग कमवायचं, डाव शिकायचे, समोरच्याला लोळवायचं. हम कैंप में बच्चा लोग को तालीम देता था, असं चाचा म्हणाले होते. आणि शुभानं घडाघडा इंग्रजीत सांगून टाकलं, कॅम्पमध्ये मी मुलांना ट्रेनिंग देत होतो.

अगं पण उर्दूत तालीम म्हणजे शाळा. अलिफ, बे, पे. पाटी, फळा, बेरीज-वजाबाकी. जन्मभर हिंदी सिनेमे बघितलेली बाई तू, हे तुला ठाऊक नव्हतं?

ठाऊक होतं. हेच तर. आता बसमध्ये ठाऊक आहे, सकाळी हॅनाशी बोलतानाही कुठेतरी असणारच… तेवढं त्या खोलीत नव्हतं. अधिकाऱ्याचा कॉफीचा मग ओठांपर्यंत जाऊन तिथंच थांबला. त्यानं विचारलं, कुणाची मुलं? चाचा म्हणाले, मुजाहिदांची, जे लढाईत मेले त्यांची. तेही तिनं जसंच्या तसं सांगितलं. चाचांच्या डोळ्यांपुढे गळके तंबू नि नाक वाहणारी पोरं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांपुढे भलताच कॅम्प. मध्ये मी बसलेले, नीट इस्त्रीचा कुडता घालून.

तिनं सिद्धेशला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाला की एकदा शपथेवर बोलली आहेस, आता बदललंस तर खोटी तूच ठरशील. आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे यार, आत्ता कशाला स्वतःहून नाव पुढे करायचं? तो काही दुष्ट नाही. चार वर्षं त्या कार्डासाठी त्यानं दुसरी नोकरी धरली नाही, आईच्या ऑपरेशनला गेला नाही. शुभा बरं म्हणाली.

पण बंदुकीच्या शिक्षणाला चाचा तालीम म्हणत नव्हते ना. बाहेरच्या खुर्च्यांवर त्यांनी तेही सांगितलं होतं, तरुण असताना रशियाशी लढले ते. पेशावरच्या एका बंगल्यात लालबुंद तोंडाचा एक गोरा यायचा, खांद्यावर रॉकेटची नळी कशी ठेवायची ते दुभाष्याकडून समजावून सांगायचा. मशीन चिडिया के माफिक बोलता है बेटी, चिडिया बोला तो छोड़ देने का. हेलिकॉप्टर पडलं की तो गोरा त्यांना मिठी मारायचा, तुम्ही सगळ्या जगासाठी लढताय म्हणायचा. मग रशिया गेला, आणि गोराही गेला. हे सगळं सांगताना चाचांचा शब्द होता टरेनिंग. ज्यांनी दिलं त्यांचाच शब्द. तालीम त्यांनी पोरांच्या अक्षरांसाठी जपून ठेवली होती.

दोन्ही शब्द त्यांनी माझ्या हातात वेगवेगळे ठेवले होते.

चर्चच्या आधीच्या स्टॉपवर ती उतरली. आता हॅनाला फोन करायचा, असं तिनं ठरवून टाकलं, आणि ठरवल्याबरोबर जरा हलकंही वाटलं, कारण सांगायला काहीतरी छान होतं. आमच्या कोल्हापुरात काय होतं माहीतेय का हॅना, तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, त्यामुळे माझा घोटाळा झाला. हॅनाला गंमत वाटेल. भाषेचा दोष, माणसाचा नाही. सिद्धेशलाही पटेल हे. तिनं नंबर लावला आणि रिंग होत असताना खिशातला बदाम, टिश्यू चिकटलाय का हेही न बघता, तोंडात टाकला.

आणि मग, त्या रिंगांच्या मध्येच, ते वाक्य वर आलं.

अधिकाऱ्यानं शेवटी विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला ट्रेनिंग कुणी दिलं? तिनं विचारलं, चाचा, ट्रेनिंग किसने दी? चाचांनी त्या गोऱ्या, कोवळ्या माणसाकडे पाहिलं आणि अगदी आदबीनं, जुनी ओळख सांगावी तसं म्हणाले — आप ही लोग ने दिया, साहब.

ते तिनं सांगितलंच नाही. "पेशावरमध्ये," एवढंच सांगितलं.

यात कुठं आलं कोल्हापूर? कुठली तालीम, कुठली लाल माती? तो माणूस ऑकवर्ड होऊ नये, त्याला आपला राग येऊ नये, म्हणून गिळलं मी ते. आणि आधीचा शब्दसुद्धा… चाचांच्या जागी आमचे श्रीरामकाका असते, मालिनीकाकूंचे यजमान, जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, ते म्हणाले असते मुलांना तालीम दी, तर शिकवलं हाच शब्द आला असता माझ्या तोंडी. डोळ्याची पापणी लवली नसती. दाढी बघून शब्द काढला मी. रोज संध्याकाळी टीव्हीवर बघत होते ती दाढी.

"हाय शुभा," हॅना म्हणाली.

"हॅना, तो सकाळचा शब्द… तो चुकला होता."

म्हणाली, आणि ऐकलं तिनं स्वतःलाच. शब्द चुकला. सिद्धेशच्या कामाचं वाक्य, ग्रीन कार्डाच्या कामाचं. चाचाही कदाचित सुटतील यावर. आणि तीही.

"कसा चुकला?" हॅनानं विचारलं. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

शुभा रस्त्याच्या कडेला उभी होती. काकू वाट बघत असतील, तिच्या जागी दुसरंच कुणीतरी वाक्यं म्हणत असेल. कसा चुकला, याची दोन उत्तरं होती, आणि दोन्ही तिला इंग्रजीत नीट सांगता येत होती. तोंडातला बदाम अजून गोड लागत होता, आणि तिला त्याचीच लाज वाटली.