मातीला लावलेला बोल

"माती उठवायची, सावळीराम. दुखवायची नाय."

रावजी वस्तादांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या पात्यावरचं तेलही वाळलं नव्हतं. वस्ताद आता थकले आहेत, हळू बोलतात. पण माझ्या कानात त्यांचा तोच भरदार आवाज राहिला आहे. कुदळीला कान कुठले, असं म्हणाल. जी रोज मातीला तोंड लावते, तिला ऐकू येतंच.

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. नाशिकच्या पंचवटीत, भाजीबाजारामागच्या बोळात एक तालीम आहे, तिथल्या आखाड्याची. नाशिक रोडच्या एका लोहाराने मालमोटारीचा मोडका पाटा तापवून मला घडवलं. ज्या लोखंडाने अर्धा मुलूख पालथा घातला, त्याला स्वस्थ बसणं कसं जमावं? माझ्या अंगात ती भिरभिर अजून आहे. रुंद पातं आणि बाभळीचा दांडा घेऊन मी तालमीत आले ते एकोणीसशे अडुसष्ट साल होतं.

सावळीराम दुपारी बाजारात पोती उचलायचा, पण पहाटे आखाड्याची माती खणायचा. तो मल्ल नव्हता. त्याला एकही डाव धड येत नव्हता, आणि त्यावरून पैलवान त्याची थट्टा करायचे. पण माती त्याच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. तो मला उचलून अलगद टाकायचा, आणि घट्ट बसलेली तांबडी माती कुशीवर वळल्यासारखी वळायची. मग त्याची बायको मालनबाई ती माती चाळायची. तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर मिसळायची, आणि हातासरशी गुणगुणायची,

तांबडी माझी माती, हिला ताकाचं न्हाण,
पडंल त्याला मांडी, उठंल त्याला मान.

माती तयार झाली की सावळीराम डोळे मिटून, अनवाणी, आखाडाभर चालायचा. तळव्याला एक जरी ढेकूळ लागलं तरी मला पुन्हा हाक. दरवर्षी चैत्रात आमच्या तालमीचा कुस्त्यांचा फड भरायचा, आणि तिथली मातीही आम्हीच खणायचो. त्या फडाची एक रीत होती. कुस्ती लागण्याआधी दोन्ही मल्ल मातीवर फिरून यायचे. माती खणणारा त्यांना विचारायचा, "माती मंजूर?" ते चिमूटभर माती कपाळाला लावून "मंजूर" म्हणायचे. एकदा हा होकार दिला की हार होवो वा जीत, मातीविषयी चकार शब्द काढायचा नाही. हरलेल्याने पंचांना शिव्या घातलेल्या मी ऐकल्या आहेत, प्रतिस्पर्ध्याच्या सात पिढ्या उद्धरलेल्या ऐकल्या आहेत, पण मातीला बोल नाही. होकार देऊन जो मातीवर खोटा बोल ठेवील, त्याला तालमीची पायरी जन्माची बंद. हा नियम जुना होता. तो वापरायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती वेळ चौऱ्याहत्तरच्या चैत्रात येऊन गेली, आणि कुणाला कळलंही नाही.

वाळू आमच्या तालमीचा मल्ल. मूळचा दिंडोरीकडचा, अंगाने साग, चालण्यात वारा. तेवीस वर्षांचा होता. त्याच्यावर वस्तादांचा जीव, आणि सावळीरामाचा त्याहून जास्त. मालनबाई म्हणायची, "आमचं हे घरी पोराला भाकर वाढत्यात का नाय, ठावं नाय. पर वाळूच्या पायाखाली काटा चालत नाय त्यांना." त्या वर्षी फडातली शेवटची, मानाची कुस्ती वाळूची लागली. समोर एका कारखान्याने पगारावर ठेवलेला मल्ल होता. आसपासच्या सगळ्या गावांनी सांगून ठेवलं होतं, ही कुस्ती वाळूची.

मित्रांनो, इथे एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. फडाच्या दोन दिवस आधी एका दगडावर आदळून माझ्या पात्याच्या उजव्या टोकाला खाच पडली होती, करंगळीच्या नखाएवढी. सावळीरामाने ती बोटाने चाचपली. "फड झाला की लोहाराकडं," असं पुटपुटला आणि तसाच मला घेऊन माती खणायला लागला. रीतीप्रमाणे अनवाणी चाललाही. पण त्या दिवशी घाई होती. मागे लोक गोळा झाले होते, हलगी वाजत होती, आणि त्याने एकच फेरी मारली.

"माती मंजूर?"

"मंजूर," वाळू म्हणाला. त्याने कपाळाला माती लावली. मी आखाड्याच्या कडेला रोवलेली होते.

कुस्ती लागली. सलामी झाली, झोंबाझोंबी झाली, आणि तिसऱ्या मिनिटाला, समोरच्याने पकड धड बसवलीही नव्हती, तोच वाळू उताणा पडला. आभाळाकडे तोंड. हलगी थांबली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "नूरा हाय, नूरा. ठरवून पडला." मुठीमुठीने धूळ उडायला लागली. पंच धावले. वाळू उठला, पाठीवरची माती झटकली आणि मान खाली घालून म्हणाला,

"ढेकळात पाय अडकला. माती कच्ची खणलीय."

सावळीराम माझ्याशेजारीच उभा होता. त्याने माझा दांडा धरला आणि मला मातीतून उपटून घेतलं.

पंच माती तपासायला वाकेपर्यंत शंभर पायांनी ती तुडवली होती. ढेकूळ होतं की नव्हतं, कोण सांगणार? निम्मे लोक म्हणाले, वाळूने कुस्ती विकली. निम्मे म्हणाले, होकार दिल्यावर मातीबद्दल खोटं बोलायची छाती आजवर कुणाला झाली आहे का? ज्याअर्थी बोलतोय, त्याअर्थी काहीतरी असणार. पंचांचे कारभारी झिपरूअण्णा कडक माणूस. त्यांनी दोन्हीकडे काठी मारली. वाळूला संशयावरून सगळ्या फडांतून बंद केलं, आणि पुढच्या वर्षापासून फडाची माती दुसऱ्या तालमीकडे दिली.

सावळीरामाने मला तालमीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलं. लोहाराकडे नेलंच नाही. मग जो येईल तो मला उचलू लागला. माझ्याकडून गटार उपसलं, शेजारच्या घराचा पाया खणला, सिमेंट कालवलं. पात्यावर सिमेंटचे पापुद्रे चढले. ते दुःख मी सोसलं असतं, मित्रांनो, पण लोखंडाला झोप नसते. रात्रंदिवस एकच प्रश्न मला कुरतडत होता. त्या खाचेखाली एखादा वरंबा फुटायचा राहिला होता का? एखादं ढेकूळ मीच मागे ठेवलं का? मी तो आखाडा मनातल्या मनात हजारदा खणला. काही वेळा ढेकूळ सापडायचं, काही वेळा नाही.

सावळीरामही तोच आखाडा खणत होता, हे मला ठाऊक होतं. तो अधूनमधून कोपऱ्यात यायचा, माझ्या खाचेवरून बोट फिरवायचा आणि निघून जायचा. एकदा मालनबाईने पाहिलं.

"अवं, जाऊन विचारा ना त्याला, काय खरं ते. नाशिक रोडला मालधक्क्यावर पोती उचलतोय म्हणं."

"विचारलं आन् तो म्हणला, व्हतं ढेकूळ, मग?" सावळीराम म्हणाला. "मग मी काय करू?"

मालनबाईने चाळण उचलली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

सहा वर्षं गेली. ऐंशी सालच्या माघात वाळू तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. एकोणतीस वर्षांचा, खांद्यावर पोत्यांचे घट्टे. पायरीवर चढला नाही. एक साखर कारखाना त्याला मानधनावर मल्ल म्हणून घ्यायला तयार झाला होता, पण पंचांनी बंदी उठवली तरच. आणखी दोनतीन वर्षं अंगात कुस्ती होती. त्यानंतर काही नाही.

झिपरूअण्णा त्या दिवशी तालमीतच बसले होते. "ज्यानं पाठ विकली, त्याला परत मातीत घ्यायचं? उद्याच्या पोरांनी काय शिकायचं, आधी विका आन् मग रडत या?"

"मग काय जन्मभर उताणाच ठेवायचा त्याला?" रावजी वस्तादांनी विचारलं.

"उताणा शोभतो लय."

"झिपरू, तू साठ साली तीन फड हरला व्हतास. तिसऱ्याला तर तुझा लंगोट बी सुटला व्हता. तरी तुला पंच केलाच ना आम्ही?"

लोक हसले. झिपरूअण्णाही मिशीत हसले, पण मान हलेना. "हरणं येगळं, वस्ताद. पडणं येगळं."

शेवटी वस्तादांनी तोड काढली. माती सावळीरामाची होती, नाव गेलं ते त्याचं. वाळूने महिनाभर त्याच्या हाताखाली आखाडा खणायचा. महिन्याने सावळीराम हो म्हणाला तर बंदी उठेल, नाही म्हणाला तर कायमची राहील. झिपरूअण्णांनी ते मान्य केलं. सावळीरामाला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूने मला कोपऱ्यातून उचललं. विटेच्या तुकड्याने माझ्यावरचं सिमेंट खरवडलं. खाच दिसताच त्याचा हात थांबला. संध्याकाळी मला सायकलला बांधून स्वतःच लोहाराकडे घेऊन गेला. सहा वर्षांनी माझं पातं सरळ झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो लोहाराला म्हणाला, "ही खाच मोठी नाय, नाय का? हिच्यानं काय एवढं ढेकूळ राहत नसंल." लोहार म्हणाला, "मला काय ठावं बाबा, मी लोखंड बघतो." वाळूने मला पुन्हा सायकलला बांधलं, आणि माझी तळमळ दुप्पट झाली.

तो महिना मी कसा काढला, काय सांगू. वाळूच्या हातांत जोर होता, पण सुरुवातीला तो माती फोडत होता. सावळीराम शब्दाविना पुढे व्हायचा, त्याच्या मनगटाला हात लावायचा, उंची कमी करायचा. हळूहळू वाळूच्या हातून माती वळायला लागली. दोघे लागून उभे राहायचे, एकाच घमेल्यातून माती टाकायचे, मालनबाईने आणलेला चहा एकाच पायरीवर बसून प्यायचे. बोलायचे ते इतकंच.

"ताक कमी पडलं, मामा."

"उद्या वाढव."

विचारायचं ते सावळीराम विचारत नव्हता, सांगायचं ते वाळू सांगत नव्हता, आणि दोघांच्या मधे मी वरखाली होत होते. मालनबाईला राहवेना. "दोन बैल बरे," ती म्हणाली, "एकमेकाला चाटून तरी घेत्यात."

मित्रांनो, पडलेल्याला पुन्हा मातीत घ्यावं की नाही, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. मी अडाणी लोखंड. मला एवढंच कळतं, की तुडवून दगड झालेली माती रोज पहाटे पुन्हा उघडता येते. मी तीच माती हजारदा उघडली आहे, आणि तिने कधी नाही म्हटलं नाही. पण आत खडा राहिला असेल तर तो आधी वर यावा लागतो. त्यावर कितीही ताक घाला, हळद घाला, तो कुणाच्या तरी पायाला लागणारच. म्हणून तुमच्या हातात एखादी कुदळ असो की एखादा माणूस, त्याला कोपऱ्यात टाकू नका. आणि तुमच्याच आत खडा असेल, तर दुसऱ्याच्या पायाची वाट बघू नका.

महिना भरला. सकाळची उन्हं आखाड्यात तिरपी आली होती. रावजी वस्ताद खुर्चीवर, झिपरूअण्णा काठी टेकून उभे, दहाबारा पैलवान भिंतीला टेकलेले. मालनबाई चाळण घेऊन दारात. वाळूने शेवटचा वाफा उठवला आणि मला हातात धरून उभा राहिला.

"बोल सावळीराम," झिपरूअण्णा म्हणाले. "घ्यायचा का नाय?"

सावळीरामाने वाकून चिमूटभर माती उचलली.

"घ्या त्याला," तो म्हणाला. "त्या साली माझ्या कुदळीला खाच पडली व्हती. मला ठावं व्हतं, तरी मी तशीच वापरली. फेरी बी एकच मारली. ढेकूळ माझ्या हातूनच राहिलं असंल. पोरगं खरं बोललं, आन् मी सहा वर्षं गप बसलो. दोष त्याला नका देऊ."

मालनबाईने पदर तोंडाला लावला. झिपरूअण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"असं हाय तर," ते म्हणाले, "मग नूऱ्याचा संशय मिटला. बंदी उठली. वाळू, जा, कारखान्याला कळव."

भिंतीजवळच्या एका पैलवानाने वाळूच्या पाठीवर थाप मारली. सगळं त्याच्या ओंजळीत आलं होतं. कुस्ती, मानधन, नाव. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. आणि तोंड उघडलं तर पायरी जन्माची बंद, हा जुना नियम तिथल्या प्रत्येकाला पाठ होता.

माझ्या दांड्यावरची त्याची मूठ आवळत गेली. मग सैल झाली. त्याने मला हळूच मातीवर आडवं ठेवलं, सावळीरामासमोर आला आणि म्हणाला,

"ढेकूळ नव्हतं, मामा. तुमची माती लोण्यावानी व्हती. समोरच्या मल्लाच्या कारखान्यातले लोक मला तिथं नोकरीला लावतो म्हणले व्हते, म्हणून मी माझ्या मनानं पाठ टेकली, आन् बोल तुमच्या मातीला लावला."